ग्रहांची वाट चाचणीमंचावरून जाते

२२ सप्टेंबर २०१४ रोजी, मंगळाच्या अगदी जवळ पोहोचलेल्या मंगळयानाचे मुख्य इंजिन फक्त चार सेकंद पेटवण्यात आले. ४४० न्यूटन जोराचे हे छोटे इंजिन १ डिसेंबर २०१३ रोजी यानाला पृथ्वीच्या कक्षेबाहेर ढकलून थांबले होते आणि त्यानंतर जवळजवळ ३०० दिवस गप्प होते. इतका काळ थंडीत आणि निर्वात पोकळीत पडून राहिलेल्या झडपा उघडतील का, इंधन ठरलेल्या प्रमाणात वाहील का, हे प्रश्न त्या चार सेकंदांत सुटायचे होते. इंजिन पेटले, आणि दोन दिवसांनी त्याच इंजिनाने सुमारे २४ मिनिटे जळत यानाला मंगळाच्या कक्षेत नेले. यात नशिबाचा भाग फार थोडा होता. उड्डाणाच्या कितीतरी आधी इस्रोच्या अभियंत्यांनी दीर्घ झोपेनंतर इंजिन जागे होण्याचा प्रश्न वेगळा काढून जमिनीवर तपासला होता, आणि इंधनाची नेहमीची वाट अडली तर दुसरी समांतर वाटही बसवून ठेवली होती. देशाने यशाच्या दिवशी टाळ्या वाजवल्या. ते यश ज्या चाचण्यांनी कमावले, त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

हे दुर्लक्ष आता परवडणारे नाही. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच दिवशी चांद्रयान-४ साठी सुमारे २,१०४ कोटी, शुक्र मोहिमेसाठी १,२३६ कोटी आणि पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. चंद्रावरून माती घेऊन परतायचे आहे, शुक्राभोवती फिरायचे आहे, आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा आहे. या सर्व संकल्पांचे भवितव्य, माझ्या मते, प्रक्षेपणतळापेक्षा चाचणीमंचावर ठरणार आहे. म्हणून प्रत्येक मोठ्या मोहिमेबरोबर चाचणीच्या सोयींना स्वतंत्र, कात्री न लागणारा निधी मिळाला पाहिजे. आणि या सोयी उभारण्याचे मोठे काम जिथे ते करण्याची तयारी आधीपासून आहे तिथे, म्हणजे सुरतजवळच्या हजिरा पट्ट्यात, आले पाहिजे. हा केवळ आपल्या शहराचा अभिमान नाही. त्यामागची कारणे तपासून पाहता येतील अशी आहेत.

आधी दूरच्या अंतराळातले इंजिन वेगळे का, ते पाहू. प्रक्षेपकाचे इंजिन जमिनीवरून उठते, काही मिनिटे जळते आणि संपते. ग्रहाकडे जाणाऱ्या यानाच्या इंजिनाला महिनोन्‌महिने वाट पाहून नेमक्या क्षणी पेटावे लागते, आणि तो क्षण चुकला तर यान ग्रहाला ओलांडून निघून जाते. अमेरिकेचे मार्स ऑब्झर्व्हर यान २१ ऑगस्ट १९९३ रोजी, मंगळाच्या कक्षेत शिरायला तीनच दिवस उरले असताना, कायमचे मुके झाले. चौकशी समितीने सर्वांत संभाव्य म्हणून दिलेले कारण आजही प्रत्येक अभियंत्याने वाचावे असे आहे. अकरा महिन्यांच्या प्रवासात ऑक्सिडायझरची, म्हणजे इंधन जाळण्यासाठी लागणाऱ्या द्रवाची, वाफ झडपांतून थोडी थोडी झिरपली, थंड नळ्यांत साचली आणि टाक्यांवर दाब चढवताना इंधनाला भिडून नळीच फुटली. ही यंत्रणा पृथ्वीभोवतीच्या उपग्रहांवरून घेतलेली होती. तिथे टाक्यांवर दाब चढवण्याचे काम प्रक्षेपणानंतर थोड्याच काळात उरकत असे. सुटे भाग चांगले होते, पण अकरा महिने थांबण्याची परीक्षा त्यांनी दिलेली नव्हती.

जपानच्या अकात्सुकी यानाने हाच धडा शुक्रापाशी घेतला. डिसेंबर २०१० मध्ये कक्षेत शिरताना त्याचे मुख्य इंजिन बिघडले. इंधन आणि ऑक्सिडायझर यांच्या वाफांपासून तयार झालेल्या क्षारांनी एक झडप अडवली होती आणि त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण ढळले. यान सूर्याभोवती पाच वर्षे फिरत राहिले आणि डिसेंबर २०१५ मध्ये छोट्या थ्रस्टरांच्या बळावर कसेबसे शुक्राच्या कक्षेत गेले. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या हेलियमच्या झडपा २०१६ मध्ये मंद चालू लागल्या. कक्षा लहान करण्यासाठी मुख्य इंजिन पेटवायचे होते, ते नासाने शेवटी सोडून दिले आणि यान पुढची काही वर्षे ५३ दिवसांच्या लांब कक्षेतच राहिले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ उपग्रहाचे प्रक्षेपण बिनचूक झाले, पण ऑक्सिडायझर आत सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि उपग्रह ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. चारही घटनांत मोठा स्फोट नाही, आकाशात ज्वाळा नाहीत. तळहातावर मावेल एवढी झडप कोट्यवधींच्या मोहिमेचे काय होणार ते ठरवते. शुक्राकडे निघालेल्या देशाने अकात्सुकीचा अहवाल समोर ठेवूनच झडपांची चाचणी आखायला हवी.

दुसरा प्रश्न पोकळीचा. जमिनीवर हवेचा दाब असतो, वर नसतो. वरच्या टप्प्यातल्या इंजिनाचे नोझल पोकळीसाठी रुंद केलेले असते. ते जमिनीवर पेटवले तर बाहेरचा दाब ज्वाळेला नोझलच्या भिंतीपासून सोडवतो, आणि त्या हादऱ्यांनी नोझलच फुटण्याची भीती असते. म्हणून अशा इंजिनांसाठी हवा खेचून घेणारे निर्वात कक्ष, म्हणजे उच्च उंचीची परिस्थिती जमिनीवर उभी करणारे मंच, लागतात. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे इस्रोच्या प्रोपल्शन कॉम्प्लेक्समध्ये अशी सोय आहे आणि तिची किंमत आपण मोजून शिकलो आहोत. १५ एप्रिल २०१० रोजी भारतीय बनावटीचे क्रायोजेनिक इंजिन घेऊन गेलेले जीएसएलव्ही-डी३ अपयशी ठरले. इंजिन पेटले, पण इंधनाचा बूस्टर टर्बोपंप बंद पडला. पुढच्या उड्डाणापूर्वी ते इंजिन महेंद्रगिरीत पोकळीसारख्या परिस्थितीत पेटवून पाहण्यात आले, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ चे उड्डाण यशस्वी झाले.

त्यापुढच्या सीई-२० इंजिनाचा इतिहास तर चाचणीवर मनापासून विश्वास ठेवण्याचा इतिहास आहे. चांद्रयान-३ ला ज्या प्रक्षेपकाने नेले त्याचे क्रायोजेनिक इंजिन २४ फेब्रुवारी २०२३ रोजी महेंद्रगिरीत २५ सेकंद पेटवून मगच स्वीकारले गेले. हेच इंजिन माणसाला नेण्याच्या योग्यतेचे ठरवण्यासाठी चार इंजिनांच्या मिळून ३९ ज्वलनचाचण्या झाल्या. किमान ६,३५० सेकंद जळणे आवश्यक होते, प्रत्यक्षात ती ८,८१० सेकंद जळली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हे काम पूर्ण झाले. गरजेपेक्षा जवळजवळ ४० टक्के जास्त जळवण्याला कुणी उधळपट्टी म्हणेल. पण इंजिन कुठल्या टोकाला दुबळे पडते हे त्या जास्तीच्या सेकंदांतच कळते, आणि प्रत्यक्ष उड्डाणात आपल्याला त्या टोकापासून दूर राहायचे असते. चंद्रावर उतरण्यातही हेच दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर कोसळला. त्याच्या इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या आणि त्या सावरण्याइतकी मोकळीक नियंत्रणप्रणालीला नव्हती. पुढच्या वेळी पाच इंजिनांची चार झाली, संवेदक हेलिकॉप्टरवर बसवून तपासले गेले, उंच क्रेनला टांगलेल्या प्रतिकृतीची इंजिने खरोखर पेटवून सगळी यंत्रणा एकत्र चालवली गेली. चांद्रयान-३ चे २३ ऑगस्ट २०२३ चे यश त्या क्रेनखाली घडत आले होते.

जगाच्या इतिहासात या मुद्द्याचा सर्वांत लख्ख पुरावा चंद्राच्या शर्यतीत आहे. अमेरिकेच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनात ज्वलन अस्थिर होत असे. दाबाच्या लाटा उठत आणि इंजिन स्वतःलाच फोडत असे. २८ जून १९६२ रोजी एक इंजिन असेच नष्ट झाले. त्यानंतर अभियंत्यांनी चालू इंजिनाच्या ज्वलनकक्षात मुद्दाम लहान स्फोट घडवून अस्थिरता निर्माण केली आणि ती किती वेळात शमते ते मोजले. सुमारे २,००० पूर्ण आकाराच्या चाचण्यांनंतर ते इंजिन शांत झाले. पुढे तेरा उड्डाणांत ६५ एफ-१ इंजिने गेली, आणि एकही उड्डाणात निकामी झाले नाही. त्याच काळात सोव्हिएत संघाच्या एन-१ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिने होती. प्रत्येक तुकडीतली काही इंजिने नमुना म्हणून तपासली जात. जे इंजिन उडायचे ते स्वतः पेटवून पाहिलेले नसे, आणि अख्खा पहिला टप्पा जमिनीवर एकत्र पेटवण्याचा मंचच बांधला नव्हता. १९६९ ते १९७२ या काळातली चारही उड्डाणे अपयशी ठरली. ३ जुलै १९६९ च्या उड्डाणाने तर प्रक्षेपणतळही उद्ध्वस्त केला. सोव्हिएत अभियंते कुणापेक्षाही कमी हुशार नव्हते. त्यांच्याकडे घाई होती आणि मंच नव्हता, आणि त्या दोन गोष्टींनी मिळून चंद्र त्यांच्या हातून गेला.

आपल्याकडे मंचाचा प्रश्न किती काळ खातो हे सेमीक्रायोजेनिक इंजिनाच्या वाटचालीत दिसते. द्रवरूप ऑक्सिजन आणि शुद्ध केलेले केरोसिन वापरणाऱ्या २,००० किलोन्यूटन जोराच्या या इंजिनाच्या प्रकल्पाला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. ते पूर्ण इंजिन तपासण्याची महेंद्रगिरीची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. त्याआधी १ जुलै २०२३ च्या पहिल्या ज्वलनचाचणीत टर्बाइनचा दाब अचानक चढला, त्याचा वेग पडला, आणि साडेचार सेकंदांची चाचणी १.९ सेकंदांत थांबवावी लागली. २८ मार्च २०२५ रोजी इंजिनाच्या मुख्य शक्तिभागाची अडीच सेकंदांची चाचणी यशस्वी झाली. या दोन तारखांमध्ये जवळजवळ एकवीस महिने आहेत. मंजुरी आणि पहिली ज्वाळा यांमध्ये तर पंधरा वर्षांचे अंतर आहे. यात इस्रोच्या निष्ठेचा दोष नाही. इंजिनाचा आराखडा आणि त्याची चाचणी घेणारे यंत्रागार ही दोन वेगळी, तितकीच मोठी अभियांत्रिकी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्याच्या मागे लागले तर दोन्ही रखडतात.

पुढची अडचण याहून मोठी आहे. मंजूर झालेला पुढच्या पिढीचा प्रक्षेपक द्रवरूप मिथेन आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालायचा आहे आणि ३० टन वजन पृथ्वीजवळच्या कक्षेत नेणार आहे. त्याचा पहिला टप्पा परत वापरायचा आहे, म्हणजे एकच इंजिन पुन्हा पुन्हा पेटणार. तेव्हा चाचण्यांची संख्या अनेक पटींनी वाढेल. सोबत विद्युत प्रणोदन, म्हणजे विजेच्या बळावर यान ढकलणारी इंजिने, आहे. इस्रोने ३०० मिलीन्यूटनचा प्लाझ्मा थ्रस्टर निर्वात कक्षात १,००० तास चालवून मार्च २०२५ मध्ये त्याची जीवनचाचणी पूर्ण केली. ही खरोखर मोठी मजल आहे. पण नासाने आपल्या डीप स्पेस-१ यानाच्या जादा आयन इंजिनाला प्रयोगशाळेत ३०,३५२ तास चालवले होते, आणि त्याच जातीच्या इंजिनांनी पुढे डॉन यानाला लघुग्रहांपर्यंत नेले. इतके तास म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे एक निर्वात कक्ष एकाच इंजिनासाठी अडकून राहतो. एका महेंद्रगिरीवर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा कक्षांवर हा सगळा भार टाकून २०४० गाठता येणार नाही.

इथे सुरतचा संबंध येतो. निर्वात कक्ष म्हणजे मुळात प्रचंड, गळती न होणारे, अचूक जोडकामाचे धातूचे पात्र. जगातील सर्वांत मोठे स्टेनलेस स्टीलचे उच्च निर्वात पात्र, फ्रान्समधील इटर संलयन प्रकल्पाचा क्रायोस्टॅट, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात भागाभागांत बनवले. सुमारे ३० मीटर व्यासाचे, ३० मीटर उंचीचे आणि ३,८५० टन वजनाचे. त्याचा शेवटचा मोठा भाग जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, हजिऱ्याहून रवाना झाला. मिथेनचे म्हणाल तर हजिऱ्याच्या टर्मिनलवर २००५ पासून उणे १६२ अंशांवरचा द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजांतून उतरतो, आणि त्यातला मुख्य घटक मिथेनच आहे. हायड्रोजन म्हणाल तर एल अँड टीने २०२२ मध्ये हजिऱ्यात हरित हायड्रोजनचा प्रकल्प सुरू केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये एनटीपीसीच्या इथल्याच कवास वसाहतीत घरगुती पाइप गॅसमध्ये हरित हायड्रोजन मिसळण्याचा देशातला पहिला प्रयोग झाला. अतिउष्णतेत टिकणाऱ्या सिरॅमिकचे काम इथले जुने आहे. सुरतच्या हिमसन इंडस्ट्रियल सिरॅमिकचे ‘स्क्विब’ नावाचे सिरॅमिक भाग चांद्रयान-३ च्या मोहिमेत वापरले गेले. अतिथंड द्रव, मोठी निर्वात पात्रे, ज्वलनशील वायूंची शिस्त आणि उष्णतारोधक सिरॅमिक या चार गोष्टी एका शहराच्या परिसरात एकत्र असण्याचे दुसरे उदाहरण देशात सहज सापडणार नाही.

महाराष्ट्रातही या साखळीचे दुवे आहेत. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने घडतात, वालचंदनगरमध्ये घन इंधनाच्या मोठ्या बूस्टरांचे खंड बनतात. नागपुरात तर खासगी क्षेत्राने चाचणीचा नवा पायंडाच पाडला. स्कायरूट या कंपनीने आपले धवन-१ हे क्रायोजेनिक इंजिन नोव्हेंबर २०२१ मध्ये नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या आवारात पेटवले, आणि एप्रिल २०२३ मध्ये धवन-२ तिथेच २०० सेकंद चालवले. ही इंजिने द्रवरूप नैसर्गिक वायू आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालतात. याच जोडीच्या आधारावर देशाचा पुढचा मोठा प्रक्षेपक उभा राहणार आहे. हजिऱ्याला रोज हाताळला जाणारा द्रव आणि नागपुरात पेटलेले इंजिन यांना जोडणारे धोरण मात्र अजून दिसत नाही. हे जोडकाम करण्यासाठी नवी संस्थाही काढावी लागत नाही. खासगी अवकाश उद्योगाला परवानगी आणि सोयी देणाऱ्या इन-स्पेसचे मुख्यालय २०२२ पासून अहमदाबादच्या बोपळमध्ये, सुरतहून काही तासांच्या अंतरावर आहे.

म्हणून मागणी अशी की, हजिरा परिसरात इन-स्पेस आणि इस्रो यांनी मिळून सुट्या भागांच्या चाचणीचे एक सामायिक केंद्र उभे करावे. तिथे झडपा, टर्बोपंपांचे भाग, टाक्या आणि जोडनळ्या द्रवरूप मिथेन आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत शेकडो वेळा उघडझाप करून तपासाव्यात. झडपा महिनोन्‌महिने थंडीत आणि निर्वात स्थितीत ठेवून मग उघडून पाहाव्यात, कारण दूरच्या मोहिमा याच ठिकाणी मरतात. विद्युत थ्रस्टरांच्या दीर्घ चाचण्यांसाठी निर्वात कक्ष इथे बनावेत आणि काही इथेच चालावेत. सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या १९६१ पासूनच्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या वेल्डर-फिटरांना तिथे काम शिकता यावे. उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढी या कौशल्याच्या अगदी दाराशी उभी आहे. यंत्रमागाच्या पलीकडचे काम तिला याच शहरात मिळू शकते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की आता संगणक आहेत. ज्वाळेचे, प्रवाहाचे, कंपनांचे गणित पडद्यावर मांडता येते, मग इतकी इंधने जाळायची कशाला? संगणकाने चाचण्यांची संख्या कमी केली आहे, हे खरे आहे आणि स्वागतार्ह आहे. पण गणिताला जे माहीत नाही ते गणित सांगू शकत नाही. जुलै २०२३ मध्ये सेमीक्रायोजेनिक इंजिनाच्या टर्बाइनचा दाब अचानक चढला, तेव्हा त्या इंजिनाची आकडेमोड वर्षानुवर्षे झालेली होती. सूक्ष्म क्षारांनी अडलेली झडप, महिनोन्‌महिने झिरपलेली वाफ, एखाद्या जोडातली खोट, या गोष्टी आधी कुणीतरी जमिनीवर पाहाव्या लागतात, मगच त्या गणितात उतरतात. चाचणीविना चाललेले गणित आपल्याच गृहीतकांभोवती फिरत राहते.

दुसरा आक्षेप अमेरिकेतल्या एका कंपनीचे उदाहरण देऊन येतो. स्पेसएक्स रॉकेट उडवते, ते फुटते, ती शिकते आणि पुन्हा उडवते, आपण मात्र जमिनीवर रेंगाळतो, असे म्हटले जाते. या युक्तिवादात अर्धेच चित्र आहे. त्या कंपनीचे प्रत्येक रॅप्टर इंजिन टेक्सासमधील मॅकग्रेगर येथे पेटवून मगच रॉकेटला जोडले जाते. उड्डाणात धाडस दाखवता येते ते मंचावर कंटाळा न करता इंजिने जाळल्यामुळेच. जून २०२५ मध्ये त्यांचे एक स्टारशिप उड्डाणापूर्वीच्या चाचणीत मंचावरच फुटले. नुकसान मोठे झाले, पण दोष जमिनीवर सापडला. शिवाय उडवून शिकण्याची ही चैन पृथ्वीभोवतीच परवडते. शुक्राकडे जाण्याची संधी साधारण एकोणीस महिन्यांनी येते, मंगळाची सव्वीस महिन्यांनी. तिथे एक अपयश म्हणजे दीड-दोन वर्षांची प्रतीक्षा आणि सगळी उपकरणे नव्याने.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हलका नाही. ज्या शहरात स्थलांतरित मजूर एका खोलीत अनेक जण राहतात, तिथे रॉकेटच्या चाचणीसाठी निधी मागणे अनेकांना खुपेल. पण मोहिमेवर खर्च करायचा की नाही हा निर्णय मंत्रिमंडळाने आधीच घेतला आहे, हजारो कोटी मंजूर आहेत. आता प्रश्न इतकाच उरतो की ते पैसे वाया जाणार नाहीत याची खात्री कशी करायची. सुरतेत हिरा चक्कीवर धरण्यापूर्वी त्याची पारख किती वेळ चालते हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण चुकीचा काप परत घेता येत नाही. अंतराळात सोडलेले इंजिनही परत आणता येत नाही. चाचणीवर वाचवलेला रुपया मोहिमेवर शंभर रुपयांचा धोका चढवतो. त्याशिवाय झडपा, थंड टाक्या आणि निर्वात कक्ष यांचे कौशल्य अंतराळापुरते राहत नाही. रुग्णालयांचा ऑक्सिजन, वायुवाहिन्या, हायड्रोजनचा साठा, अर्धवाहक कारखाने, सगळीकडे तेच लागते.

चौथा आक्षेप सुरक्षेचा. हजिरा हा दाट औद्योगिक पट्टा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ओएनजीसीच्या इथल्या वायू प्रकल्पात मोठी आग लागली होती, आणि जवळच तापीच्या काठावर लाखोंचे शहर वसले आहे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि म्हणूनच सीमा स्पष्ट आखतो. पूर्ण इंजिनाची ज्वलनचाचणी हजिऱ्यात होऊ नये. ती महेंद्रगिरीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या, लोकवस्तीपासून दूरच्या जागीच व्हावी. हजिऱ्यात थंड प्रवाह, दाब, कंपन, निर्वात आणि दीर्घ प्रतीक्षा यांच्याच चाचण्या व्हाव्यात. मिथेन आणि ऑक्सिजन एकाच आवारात एकत्र आणू नयेत. जो द्रव इथे वीस वर्षे जहाजांतून उतरतो त्याचे नियम आणि अंतरे या परिसराला नवीन नाहीत. नवे केंद्र त्याच कठोर नियमांखाली आणि स्थानिक लोकांना सुनावणीत सगळी माहिती देऊनच उभे राहावे.

शेवटचा मुद्दा पारदर्शकतेचा. रॉकेटचे इंजिन हे क्षेपणास्त्राचेही इंजिन असते, तेव्हा सगळे उघड करता येणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण चाचणी किती सेकंदांची ठरली, किती चालली, कुठे थांबली आणि ढोबळ कारण काय, एवढे सांगण्यात कुठलेही गुपित फुटत नाही. जुलै २०२३ ची अपुरी चाचणी इस्रोने स्वतः जाहीर केली होती, आणि त्याने संस्थेची प्रतिष्ठा वाढलीच. हीच प्रथा नियम व्हावी आणि खासगी कंपन्यांनाही लागू व्हावी. मंचावरचे अपयश बातमीत आले की समाजही ते पचवायला शिकतो. ज्या समाजाला फक्त उड्डाणाचे यश दाखवले जाते तो पहिल्या स्फोटानंतर शास्त्रज्ञांवर तुटून पडतो, आणि मग शास्त्रज्ञ धोका घेण्याचेच टाळू लागतात.

एक मोजमाप बदलले तर यातले बरेच आपोआप घडेल. आपण वर्षाला किती प्रक्षेपणे झाली हे मोजतो. त्याबरोबर संसदेत दरवर्षी हेही मांडले जावे की किती इंजिने किती सेकंद जळली, किती झडपा किती महिने थांबून उघडल्या, किती निर्वात कक्ष रिकामे होते आणि किती मोहिमा त्यांच्या रांगेत अडल्या. पुढच्या मोठ्या मोहिमेच्या मंजुरीपत्रात चाचणीच्या सोयींची रक्कम वेगळी लिहिली जावी, आणि मोहिमेचा वेग वाढवण्यासाठी ती वळवता येऊ नये. गुजरात सरकारने हजिऱ्याजवळ जागा द्यावी, इन-स्पेसने मानके ठरवावीत, इस्रोने आपल्या अनुभवी चाचणी अभियंत्यांना काही वर्षांसाठी तिथे पाठवावे, आणि इथल्या उद्योगांनी एखाददुसरी ऑर्डर मिळण्यापलीकडे दहा-पंधरा वर्षांची बांधिलकी स्वीकारावी. हे सगळे आपल्या आवाक्यातले आहे आणि प्रत्येक गोष्टीसाठी जबाबदार माणूस ठरवता येतो. मार्च २०२८ मध्ये शुक्राकडे निघायचे म्हणतो, तर त्या यानाच्या झडपांनी आताच जमिनीवर वाट पाहायला सुरुवात केलेली असली पाहिजे. त्यांची परीक्षा लांबणीवर टाकण्याचा अधिकार कुठल्याही अर्थसंकल्पाला किंवा निवडणुकीच्या वेळापत्रकाला असता कामा नये.